वाचकांचे प्रश्न : विदर्भाच्या हवेत काटेरी पॅचिपोडियम

पॅचिपोडियम सॉन्डर्सी हे दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, झिंबाब्वे या भागांतल्या खडकाळ टेकड्यांवरचे काटेरी, फुगीर बुंध्याचे झुडूप. आपल्याकडच्या नर्सरीत ते क्वचितच मिळते, आणि मिळाले की पहिल्याच पावसाळ्यात हातचे जाते. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच संदर्भातले आहेत.

रोप जूनपर्यंत ठणठणीत होते. ऑगस्टच्या झडीत बुंधा मातीलगत एका बाजूने मऊ पडला. कुंडीत काळी माती, रेती आणि शेणखत सारखे घेतले होते. झाड वाचेल का? (वणी, जि. यवतमाळ)

वाचू शकते, पण दिवस घालवू नका. एका बाजूने, तेही मातीलगत मऊ पडणे म्हणजे सड. तहानलेले झाड वेगळे दिसते: बुंधा सगळीकडून सारखा दबतो, साल सुरकुतते आणि पाणी दिल्यावर आठवडाभरात पुन्हा टणक होते. सडलेल्या भागाची साल तपकिरी होते, अंगठ्याने दाबली की ओल येते आणि वास मारतो.

झाड कुंडीतून काढा, मुळे धुवा. धारदार पाते स्पिरिटने पुसून मऊ भाग कापत चला. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसा, नाहीतर सड तुम्हीच वर नेता. आतला गर स्वच्छ पांढरट किंवा हिरवट दिसेपर्यंत थांबायचे नाही. एखादा तपकिरी ठिपका राहिला तरी पंधरा दिवसांत तिथूनच पुन्हा सुरुवात होते. कापावर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी किंवा गंधक लावा आणि झाड सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात 10 ते 15 दिवस आडवे ठेवा. झडीच्या दमट हवेत पंख्याशिवाय जखम सुकत नाही. नंतर कोरड्या मुरमात बसवा आणि पहिले पाणी आणखी दोन आठवड्यांनी द्या. सड बुंध्याच्या मध्यापर्यंत गेली असेल तर वरची निरोगी फांदी तेवढी वाचवून बघा. मात्र फांदी मुळे धरतेच असे नाही, आणि धरली तरी बीपासून आलेल्या झाडासारखा बुंधा सहसा होत नाही.

चूक मातीची आहे. काळी माती भिजली की फुगते आणि रेतीच्या कणांमधली जागा बुजवून टाकते. तिसरा हिस्सा काळी माती असली तरी कुंडी आतून चिखलच. या झाडाला काळी माती चिमूटभरसुद्धा नको. 8 इंची कुंडीला साधारण 4 लिटर मिश्रण लागते. त्यात अडीच लिटर चाळलेला मुरूम (खडे हरभऱ्यापेक्षा मोठे नकोत), 1 लिटर विटांचे बारीक तुकडे आणि अर्धा लिटर पूर्ण कुजलेले शेणखत. मुरूम आणि वीट मच्छरदाणीच्या कापडात घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कारण तळाची भोके धुळीनेच बुजतात. भरल्यावर वरून लिटरभर पाणी ओता. ते मिनिटाभरात खालून निघून गेले पाहिजे. वर तळे साचले तर मिश्रण पुन्हा चाळा.

डिसेंबरात सगळी पाने गळाली. झाड मेले का? पाणी वाढवू का? (नरखेड, जि. नागपूर)

मेलेले नाही, आणि पाणी मुळीच वाढवू नका. या झाडाच्या गावीही पाऊस उष्ण महिन्यांतच पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे आपला ऋतुक्रम त्याला मानवणारा आहे. मानवत नाही ती पावसाची मात्रा आणि साचलेले पाणी. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, पाने गळाली की बंद. रात्रीचा पारा 8-10 अंशांवर आला तरी कोरड्या मातीतले झाड सहज निभावते. त्याच थंडीत माती ओली असेल तर मुळे जातात. पेन्सिलीपेक्षा बारीक रोपांना तेवढे महिन्यातून एकदा अर्धा कप द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसले की पाणी सुरू करा. एप्रिल-मे मध्ये मातीच्या कुंडीला चार ते सहा दिवसांनी, पोटभर. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छपराखाली, पण उजेडात ठेवा आणि मिश्रण तळापर्यंत सुकले तरच पाणी द्या. ऑक्टोबरात दहा-बारा दिवसांनी पुरते.

ऊन त्याला हवेच. पण अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या पिशवीत मुळे भाजून निघतात. कुंडी मातीची घ्या, विटांवर ठेवा, आणि एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत दुपारचे पश्चिमेचे ऊन 50 टक्क्यांच्या हिरव्या जाळीने अडवा. सावलीतून आणलेले झाड एकदम उन्हात ठेवले तर बुंध्यावर पांढरट-पिवळा चट्टा पडतो. तो पुढे बुचासारखा होतो आणि कायम राहतो.

बोअरचे पाणी खारे आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, पानांची टोके जळतात. (दर्यापूर, जि. अमरावती)

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हे होणारच. पाणी वाफ होऊन जाते, क्षार कुंडीत उरतात आणि थोडे-थोडे पाणी दिले की जास्तच साठतात. छपराचे पावसाचे पाणी ड्रममध्ये धरा. दोन-चार कुंड्यांना 200 लिटरचा एक ड्रम बराच काळ पुरतो. ते संपले आणि बोअरचेच द्यावे लागले तर दर वेळी खालून वाहून जाईल इतके द्या, बशीत साचलेले फेकून द्या. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसात कुंडी एक दिवस उघड्यावर ठेवली की साठलेले क्षार धुऊन निघतात. मग लगेच छपराखाली.

‘काट्यांचा अडेनियम’ म्हणून विकत घेतले. नेमके काय आहे? (चिखली, जि. बुलढाणा)

अडेनियमला काटे नसतात. काटे मोजा. तिनाच्या गुच्छात, खांबासारखे एकच खोड आणि टोकाला लांब पट्ट्यासारखी पाने असतील तर ते मादागास्करचे पॅचिपोडियम लॅमेरी किंवा पॅचिपोडियम गेयी. ही दोन्ही नर्सरीत सर्रास मिळतात. सॉन्डर्सीचे काटे जोडीने येतात, पाने रुंद आणि चकचकीत असतात, आणि जाड बुंध्यातून खालपासूनच फांद्या फुटतात. फुले पांढरी, पाकळीच्या मागे तांबूस छटा.

दोन झाडे फुलतात, पण शेंग धरत नाही. (हिंगणघाट, जि. वर्धा)

ती दोन्ही एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली असतील तर परागकण एकाच झाडाचे ठरतात, आणि पॅचिपोडियममध्ये असे सहसा फळत नाही. दोन वेगळ्या बियांची झाडे हवीत. परागकोश फुलाच्या नळीत शंकूसारखे जुळलेले असतात, त्यामुळे ब्रश चालत नाही. मासे धरायच्या बारीक नायलॉन दोरीचा तुकडा शंकूच्या फटीतून आत घालून हलकेच बाहेर ओढा आणि तोच दुसऱ्या झाडाच्या फुलात तसाच फिरवा. शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात. पिकली की फुटते आणि रुईसारखे केस असलेले बी उडून जाते, म्हणून आधीच वर मलमलची पिशवी बांधा.

बी ताजेच पेरा. कोमट पाण्यात काही तास भिजवून, बारीक धुतलेला मुरूम आणि कोकोपीट निम्मे-निम्मे घेऊन त्यात अर्धा सेंटिमीटर खोल. मार्च चांगला. कोंब दिसताच वरचे प्लास्टिक काढा, नाहीतर रोपे मानेशी कुजून आडवी पडतात.

फांद्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आहे. कपाशीचा पंप वापरू का? (उमरेड, जि. नागपूर)

तणनाशकाला वापरलेला पंप मुळीच नको. राहिलेला अंशही पाने वाकडी करतो. दोन-चार झाडांना काडीला कापूस गुंडाळून, 70 टक्के स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा पुसणे सर्वांत खात्रीचे. दर आठवड्याला, तीन वेळा. कडुनिंबाचे तेल मारायचेच असेल तर संध्याकाळी, उन्हात पाने करपतात. कुंडी बदलताना मुळांवर पांढरे, कापसासारखे पुंजके दिसले तर सगळे मिश्रण फेका, मुळे धुऊन सुकवा आणि नव्याने भरा.

काम करताना हातमोजे घाला. हे झाड कण्हेरीच्या कुळातले आहे. त्याचा पाण्यासारखा चीक विषारी असतो, डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका.

ऑनलाइन ‘जंगलातून आणलेले जुने झाड’ मिळते आहे. घ्यावे का? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

घेऊ नका. पॅचिपोडियमचा सगळा वंश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, मादागास्करच्या काही जाती जास्त कडक परिशिष्ट 1 मध्ये, आणि भारत 1976 पासून या कराराचा सदस्य आहे. परदेशातून जिवंत झाड आणायचे तर साइट्सचे परवाने आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. शिवाय उपटलेल्या म्हाताऱ्या झाडाची मुळे तुटलेली असतात, वर्षभर ते बुंध्यातल्या साठ्यावर पाने काढत राहते आणि मग अचानक बसते. घेताना बुंधा दाबून बघा, तोडलेल्या मुळांचे जाड खुंट दिसतात का ते पाहा, आणि विक्रेत्याला रोप कोणत्या वर्षीच्या बियांचे ते विचारा. बीपासून रोपे करणारा हे सांगू शकतो.