वेब डेव्हलपमेंट शिकताना तुमच्यात माणूस म्हणून काही बदल झाला का? प्रगती झाली हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की, वर्षभर शिकूनही आपण पुढे सरकलो की नाही हे कळत नाही, आणि पुढे विचारले आहे की या शिक्षणाने उत्तर देणाऱ्याच्या स्वभावात काही फरक पडला का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले की पहिल्याचे बरेचसे त्यातच येईल, म्हणून तिथून सुरुवात करतो.

मी लातूरचा, दहावी-बारावी अर्थातच 'लातूर पॅटर्न'मध्ये झाली. एकेका धड्यावर सराव परीक्षा, तिच्यावर पुन्हा सराव परीक्षा, प्रत्येक प्रश्नाचे ठरलेले उत्तर आणि ते चुकले की कापला जाणारा गुण, असे त्याचे स्वरूप. या पद्धतीने आमच्याकडची कितीतरी मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. बैठक मारून काम करण्याची सवय मला तिथेच लागली. मात्र उत्तर न येणे म्हणजे आपल्यातच काही कमी असणे, हेही त्याच काळात मनात पक्के बसले.

वेबपाने हलती-बोलती करणारी जावास्क्रिप्ट ही भाषा शिकताना ते सैल होत गेले. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, उमटणारी लाल ओळ सुरुवातीला मला परीक्षकाच्या शेऱ्यासारखी वाटे. ती सावकाश वाचू लागल्यावर दिसले की, तिच्यात फाइलचे नाव असते, ओळीचा क्रमांक असतो आणि अडचण कोणत्या प्रकारची आहे याचा उल्लेखही असतो. सर्व्हरने, म्हणजे पान पुरवणाऱ्या पलीकडच्या संगणकाने, ४०४ कळवले तर मागितलेली गोष्ट त्या पत्त्यावर नाही आणि ५०० कळवले तर विनंती पोहोचली पण बिघाड पलीकडे सर्व्हरवर झाला आहे, इतके एका आकड्यावरून समजते आणि शोधण्याची जागा निम्म्याने कमी होते. 'मला हे येत नाही' असे म्हणण्याऐवजी 'इथपर्यंत चालते, इथून पुढे अडते' असे मी म्हणू लागलो, आणि ही सवय पुढे घरातल्या वादांतही उपयोगी पडली, हे जाता जाता सांगतो.

दुसरा बदल मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, झाला. माझ्या काकांचे तिथे आडतीचे दुकान आहे. शेतकऱ्याच्या मालाचे वजन आणि भाव भरला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, तयार व्हावी, असे एक छोटे पान मी त्यांच्यासाठी केले. दुकानातले दिवाणजी वजन मराठी आकड्यांत लिहीत. जावास्क्रिप्टला '१२' हा मजकूर देऊन त्याची संख्या करायला सांगितले तर 'ही संख्या नव्हे' असे उत्तर मिळते. म्हणजे ज्यांचा तोंडी हिशोब माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी पूर्ण होतो, त्या माणसाचे आकडे यंत्राच्या लेखी आकडेच नव्हते. 'इंग्रजी आकडे वापरा' अशी सूचना पानावर टाकून मोकळे होता आले असते. परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या यादीत, देवनागरीचे दहाही आकडे सलग क्रमाने ठेवलेले असल्यामुळे त्यांचे रूपांतर करणे हे चार ओळींचे काम आहे, मग ती तसदी दिवाणजींनी का घ्यावी?

गावांच्या यादीतही असेच काहीसे झाले. नेहमीची क्रमवारी लावली की कळंब आधी येते आणि कवठा नंतर, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर येते, म्हणून मराठी वाचणारा माणूस कवठा आधी शोधतो. तुलना करताना भाषा मराठी असल्याचे सांगितले की क्रम बरोबर लागतो, पण ते सांगायला हवे हे सुचण्यासाठी कोणीतरी यादीत गाव शोधताना पाहिलेले असावे लागते. तेव्हापासून मी आधी शेजारी बसून पाहतो आणि समजावून सांगण्याची घाई करत नाही. घरच्यांच्या मते माझ्यातला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

आणखी एक गोष्ट मला मोठा दिलासा देऊन गेली. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. म्हणूनच पट्टीचा हिशोब रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकांत ठेवणे बरे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला होता. 'नल'चा, म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा, प्रकार विचारला की 'ऑब्जेक्ट' (वस्तू) असे उत्तर येते, हा विक्षिप्तपणा तेव्हापासूनचा आहे आणि जुनी पाने मोडतील म्हणून तो आजवर तसाच ठेवला गेला आहे. न समजलेली प्रत्येक गोष्ट आपल्या अडाणीपणामुळेच अडलेली नसते, हे मला अशा उदाहरणांनी पटवले.

आता प्रगती कशी ओळखावी याविषयी. प्रमाणपत्रांवरून ती ओळखता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुण्यात नोकरीला लागलेल्या वर्गमित्राशी तुलना करूनही कळत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत केलेले एखादे पान काढा आणि संगणकाची अजिबात हौस नसलेल्या नातेवाइकाला वापरायला द्या. त्या व्यक्तीचे बोट जिथे जिथे थबकेल ती ठिकाणे वहीत टिपा. त्यांपैकी किती अडचणींचे कारण तुम्हाला कोड न उघडताच सांगता येते, यावरून वर्षभरात काय साधले ते दिसेल.

सगळेच बदलले असे मात्र नाही. इंग्रजीतून प्रश्न विचारताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते. म्हणून काय अपेक्षित होते, काय घडले आणि काय करून पाहिले, हे मी आधी मराठीत लिहून काढतो आणि मगच त्याचे इंग्रजी करतो.