हेडसरांकडे वही घेऊन जा

पत्र : मी एसटी डेपोत मेकॅनिक आहे, शिक्षण आयटीआय. राहायला बार्शी तालुक्यातल्या एका गावात. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पाचवीत गेली. सातवीचं गणिताचं पुस्तक तिने मे महिन्याच्या सुट्टीत संपवलं. वजा गुणिले वजा अधिक का होतं, असं वर्गात विचारलं तर सर म्हणाले, "आगाऊपणा नको, पुस्तकात आहे तसं कर." आता ती वर्गात गप्प असते. चाचणीत एक मार्क गेला तर जेवत नाही. पाहुणे म्हणतात, एक इयत्ता वर ढकला. क्लासवाले आयआयटी फाउंडेशनचे ४२,००० रुपये सांगतात. मला तिच्या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. काय करू?

उत्तर :

नमस्कार. उत्तरं येत नाहीत, हे काही मला पटलं नाही. गिअरबॉक्स रोज कोण उघडतं? एक चक्र दुसऱ्यात अडकलं की दुसरं उलटं फिरतं. ही झाली वजाची खूण. इंजिनाकडून आलेला फेरा लेशाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, उलटा होतो, तिथून मुख्य शाफ्टवर पुन्हा उलटा, म्हणजे सुलटा. दोन वजा, अधिक. आता रिव्हर्स टाकला की मध्ये आणखी एक चक्र का घालावं लागतं, ते तिलाच विचारा. गणिताचे प्राध्यापक म्हणतील ही सिद्धता नव्हे, आणि ते खरंच आहे. पण दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला काहीतरी लागतं. साहेबांची परवानगी काढून एखाद्या रविवारी भंगारातला गिअर तिच्यासमोर ठेवा, दात मोजू द्या. बत्तीस दातांचं चक्र अठराच्या चक्रात अडकवलं तर मारलेल्या खुणा पुन्हा समोरासमोर यायला किती फेरे लागतील? ल.सा.वि. फळ्यावरून उतरून तिच्या हातात येईल.

आता शाळा. सरांवर रागावू नका. चाळीस पोरं, त्यात निम्म्यांना भागाकार जमत नाही, आणि समोर ही वजाचं कारण मागतेय. पण गप्पही बसू नका. आपल्याकडे पालक एक तर हात जोडून उभे राहतात, नाही तर भांडायला जातात. तिसरा रस्ता म्हणजे नेमकं मागणं. "माझी मुलगी फार हुशार आहे" या वाक्याने सुरुवात केलीत तर हेडसरांच्या कपाळाला आठी पडणारच, कारण हे वाक्य ते रोज ऐकतात. त्याऐवजी तिची सुट्टीतली वही पुढे ठेवा. मग मागा ते एवढंच : वर्गाचं काम संपलं की तिला दुसरं पुस्तक उघडायची मुभा, आणि गणिताच्या तासाला आठवड्यातून दोनदा सातवीच्या वर्गात मागे बसायची परवानगी. महिनाभर करून बघू, नाही जमलं तर थांबवू, असं म्हणा. महिनाभराला सहसा कोणी नाही म्हणत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अशा मुलांना वर्गातच पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं असं म्हटलंय. ते ठाऊक असू द्या, पण पहिल्याच भेटीत कागद आपटू नका. आणि "सरांनी पोरीला दुखावलं" हे तक्रारीच्या सुरात नको. "ती हल्ली प्रश्न विचारत नाही, आम्हाला काळजी वाटते" एवढं पुरे. सर समजतील. नाही समजले तर दुसऱ्या भेटीत बघू.

इयत्ता मात्र उडवू नका. पालकांना सल्ला देण्याच्या या व्यवसायात नवा होतो तेव्हा एका मुलाच्या आईवडिलांना मीच तसा सल्ला दिला होता. मार्कांचं काही अडलं नाही. पण मधल्या सुट्टीत वर्षाने मोठी पोरं त्याला खेळात घेईनात, आणि नववीपर्यंत तो एकटाच राहिला. गणितात पुढे आणि कबड्डीत आपल्या वयाच्या पोरांत, असं दोन्ही चालू शकतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

फाउंडेशनचे ४२,००० वाचवा. तिथे वेग शिकवतात, आणि वेग तिच्याकडे आहेच. तिला हवंय ते एका उदाहरणावर दोन दिवस अडून बसणं. एका मार्कासाठी जेवण सोडणारी मुलगी कधी अडलेलीच नसते. चुकणं म्हणजे काय याची तिला सवय नाही. सायकल, पोहणं, लेझीम, जे तिला पटकन जमणार नाही असं काहीतरी द्या. घरात "आमची हुशार" हे पालुपदही थोडं कमी करा, विशेषतः पाहुण्यांसमोर. बुद्ध्यांक चाचणीची सध्या गरज नाही. तो आकडा एकदा नातेवाइकांत फिरला की परत घेता येत नाही.

आणि घाई करायची ती इथे करा. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तुमच्या जिल्ह्याचं विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथल्या ८० जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, तर किमान एकतृतीयांश मुलींसाठी असतात. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, त्यातले निम्मे मानसिक क्षमतेचे. ते आकृत्यांचे असतात, पोरीला आवडतील. निवड झालीच तर पाठवायचं की नाही हे तिच्या आईला आणि तिला विचारून ठरवा. दहाव्या वर्षी घर सोडणं सगळ्यांना मानवत नाही, आणि नको म्हणाली तर तो हट्ट समजू नका.

नवोदय नाहीच जमलं, तर सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. त्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, मग प्रकल्प आणि मुलाखत. आठवीपासून गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी खुली होते. तोवर पुण्याला कधी येणं झालं तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात, तिथे तिला घेऊन जा. आपल्यासारखी आणखी पोरं असतात हे तिने एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

हेडसरांकडे मधल्या सुट्टीनंतर जा, परिपाठाच्या गडबडीत नको. वही विसरू नका. आणि रिव्हर्सच्या त्या जादा चक्राबद्दल ती काय म्हणाली, ते मला जरूर लिहा.