करंगळी बधिर होते म्हणून ड्रॉप बार लावू नका

तुम्ही लिहिलंय की हायब्रिडवर (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) चाळीसेक किलोमीटर झाले की उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. जेलचे ग्लोव्ह्ज घेऊन झाले. आता दुकानदार म्हणतोय, फ्लॅट म्हणजे सरळ हँडल काढून ड्रॉप बार, म्हणजे रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल, लावा, डिसेंबरच्या पुणे-गोवा राइडपर्यंत सगळं मार्गी लागेल. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. मलाही हेच ऐकवलं गेलं होतं, फक्त सुरुवातीला ‘मॅडम’ लावून.

सीटची उंची, फ्रेमचा साइझ, कोपर किंचित वाकलेलं ठेवणं हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात जात नाही. सीटचं नाक खाली झुकवलेलं असेल तर मात्र आधी ते सरळ करा. तसं असलं की माणूस सारखा पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत बसतो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण करंगळी आणि अर्धी अनामिका म्हणजे अल्नर नर्व्ह. ती करंगळीच्या बाजूने मनगटातून तळहातात शिरते, आणि नेमका तोच भाग फ्लॅट हँडलच्या ग्रिपवर टेकतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती दुसरी नस, मीडियन. तिथे बहुतेक वेळा मनगट वर मोडलेलं असतं. राइडनंतर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर सायकलवर काम करा. दुसऱ्या दिवशीही राहिल्या, कुलपात किल्ली फिरवताना जोर लागेना किंवा बोटं फाकवता येईनात, तर सायकल भिंतीला लावून ठेवा आणि हाताच्या डॉक्टरांकडे जा. ते नर्व्ह कंडक्शन टेस्ट करायला सांगतील कदाचित, कंटाळा करू नका. अशा वेळी इथले सल्ले वाचत बसू नये, माझाही नाही.

आता त्या ड्रॉप बारबद्दल. दुकानाचं नाव लिहीत नाही, पुण्यातलं आहे आणि काचा फार चकचकीत आहेत एवढं पुरे. माझी हायब्रिड ३x८ गिअरची (पुढे तीन, मागे आठ), व्ही-ब्रेकवाली, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे ब्रेक. तिथल्या मुलाने हँडलकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं नाही, आणि सांगून टाकलं की फ्लॅट बारवर हात ठेवायला एकच जागा असते, ड्रॉपवर तीन असतात, विषय संपला. अर्धं खरं आहे ते, म्हणून तर पटतं. मलाही पटलं आणि मी ड्रॉप बार लावून घेतला.

उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही. फ्लॅट हँडलवर ग्रिप आणि ब्रेक बसतात ती नळी २२.२ मिमीची असते. ड्रॉप बारवर लिव्हर बसतो तिथे ती २३.८ मिमी असते. म्हणजे तुमचे आत्ताचे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) त्यावर चढतच नाहीत, सगळं नवीन घ्यावं लागतं. नवीन घेतलेला रोडचा लिव्हर केबल कमी ओढतो आणि व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढलेली लागते. त्यामुळे ब्रेक पॅड रिमला जवळजवळ चिकटवून ठेवावे लागतात, चाक केसभर वाकडं असलं तरी घासतं, आणि जोरात दाबल्यावर लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकतो. मागचा गिअर शिमानोच्या ८ स्पीडमध्ये जमून जातो. पुढचा जमत नाही, कारण माउंटन बाइकच्या पुढच्या डिरेलरला (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल वेगळ्या मापाने ओढलेली लागते. माझी मधली चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं मधलं दातेरी चाक, लागली तर लागली.

हे सगळं मला कळलं दिवे घाट उतरताना, सासवडकडून हडपसरकडे. दोन्ही लिव्हर हँडलला टेकलेले, सायकल थांबायचं नाव घेईना आणि मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर. कडेच्या मुरुमात उतरले, पाय घासत थांबले आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चालत आले.

आणि करंगळी? तशीच बधिर. फ्लॅट बारच्या फ्रेमची वरची नळी मुळातच लांब असते. त्यावर ड्रॉप बार लावला की हात ठेवायची जागा चांगली ८-९ सेंटीमीटर पुढे जाते. मी आधीपेक्षा जास्त वाकले, हातावर आधीपेक्षा जास्त भार आला आणि त्यात मानही आखडली. दुकानात गेले तर म्हणाले, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) आखूड करू. केला, त्याचे पैसे वेगळे. मग म्हणाले, सवय होईल. मग म्हणाले, मॅडम, खरं तर तुम्ही रोड बाइकच घ्यायला हवी होती! सायकलच्या निम्म्या किमतीएवढे पैसे तोवर गेले होते. परत जुनं बसवून द्या म्हटलं तर माझं हँडल, लिव्हर, शिफ्टर ‘भंगारात गेलं’. विचारलं होतं का मला? चालू स्थितीतले शिफ्टर भंगारात कसे जातात हे मला अजून समजलेलं नाही. कुठल्याही दुकानात काहीही बदलायला दिलंत तर काढलेले पार्ट पिशवीत घालून घरी आणा. अगदी झिजलेली केबलसुद्धा.

असो. सगळीच दुकानं तशी नसतात आणि ड्रॉप बारशीही माझं वैर नाही. मुळात त्यासाठी बनवलेली सायकल असेल तर ती झकास चालते.

मला वाचवलं ते पेठेतल्या एका छोट्या दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी. जुनं फ्लॅट हँडल आणि सेकंडहँड शिफ्टर त्यांनीच मिळवून दिले. बसवून झाल्यावर मला भिंतीला टेकून सायकलवर बसवलं, डोळे मिटून ब्रेकवर बोटं ठेवायला सांगितलं आणि बाजूने बघत राहिले. म्हणाले, ‘ताई, तुमचं मनगट बघा, मोरासारखं वर आलंय.’ लिव्हर जवळजवळ आडवे लावलेले होते. त्यांनी ॲलन की घेतली आणि लिव्हर खाली फिरवले, इतके की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत आला. मग लिव्हरवरचा बारीक स्क्रू फिरवून तो हँडलच्या जवळ आणला, कारण माझी बोटं आखूड आहेत. या कामाचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत. निम्मा त्रास तिथेच गेला. तुम्ही हे आज रात्री घरी करू शकता.

उरलेला निम्मा गेला बार एंडने. हँडलच्या टोकाला लावायची ती शिंगं. नव्वदच्या दशकातल्या माउंटन बाइकवर असायची, आता लोक हसतात, हसू द्या. फायदा असा की हात कोणाशी हस्तांदोलन करताना असतो तसा उभा राहतो आणि करंगळीच्या बाजूचा तळवा मोकळा होतो. दर पाच-दहा मिनिटांनी इथून तिथे हात हलवायचा. बोट बधिर व्हायची वाट बघायची नाही, त्याआधी हलवायचा. शिंगं आकाशाकडे उभी लावू नका, समोर आणि थोडीशी वर, साधारण १५-२० अंश. ती बसवायला हँडलच्या टोकाला दोनेक सेंटीमीटर नळी मोकळी लागते, म्हणजे ग्रिप, लिव्हर आणि शिफ्टर आत सरकवावे लागतात. बंद टोकाची ग्रिप असेल तर टोक ब्लेडने कापा. ग्रिप निघत नसेल तर खाली थोडं सॅनिटायझर सोडा, सुटते, आणि नंतर ते उडूनही जातं. तेल अजिबात नको. हँडल रुंद वाटतं म्हणून कापायचा विचार असेल तर बार एंड बसवून चार राइड झाल्यावर कापा. हँडल कार्बनचं असेल आणि कंपनीने बार एंड चालतील असं लिहिलेलं नसेल, तर लावूच नका.

एक मोठी गैरसोय: बार एंड धरलेले असताना ब्रेक हाताशी नसतात. शहरात, गर्दीत, उतारावर ते धरायचे नाहीत. सिग्नलला रिक्षाच्या आरशात अडकतात ते वेगळंच.

ही भीती वाटत असेल तर आतले बार एंड बघा, ग्रिप आणि ब्रेक लिव्हरच्या मधे बसणारे आखूड. एसक्यूलॅब ही जर्मन कंपनी ते बनवते, तसेच स्वस्तातलेही मिळतात. अंगठा आतून टेकतो आणि बोटं ब्रेकवर राहतात. घाट उतरायला मला तेच जास्त आवडतात. मात्र ट्विस्ट शिफ्टर (ग्रिपसारखा पिळून गिअर बदलायचा) असेल तर जागा मिळत नाही.

पंखासारख्या चपट्या ग्रिप, एर्गॉन किंवा तशा दिसणाऱ्या, त्याही चांगल्या. भार एका बिंदूवर न येता पसरतो. पण त्या दोन-चार अंशांनी जरी चुकीच्या फिरल्या तर मनगट मोडतं. पेनने खूण करा, जरा फिरवा, राइड करा, पुन्हा फिरवा. बसवून मोकळं होण्यातली वस्तू नाही ती. जाड जेलच्या ग्लोव्ह्जबद्दल माझं मत वाईट आहे. जेलची उशी नेमकी नसेवर आली तर उलटा दाब पडतो. काहींना सोसतात, मला नाही.

बटरफ्लाय हँडल, म्हणजे फुलपाखरासारखं वळवलेलं, हाही पर्याय आहे. त्याची नळी २२.२ मिमीच असते, त्यामुळे तुमचे लिव्हर आणि शिफ्टर त्यावर चालतात. बहुतेकांचा मधला भाग २५.४ मिमीचा असतो आणि तुमचा स्टेम ३१.८चा असेल तर मधे शिम, म्हणजे फट भरणारी पातळ कडी, लागेल. केबलही कदाचित लांब घ्याव्या लागतील. डिसेंबरच्या तोंडावर मी हा खटाटोप करणार नाही.

फुकटातली एक जागा राहिली: स्टेमच्या दोन्ही बाजूंची उघडी नळी. त्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती ग्रिप टेप गुंडाळा. मोकळ्या रस्त्यावर, सावकाश चढावर तिथे हात ठेवले की पाठही सरळ होते. हँडल तिथून जरा चळतं आणि ब्रेक लांब असतात, म्हणून फक्त चढावर.

आणि टायर. ७००x३८ टायरमध्ये ८० पीएसआय हवा भरून हायवेवरच्या रंबलरवरून गेलात तर कुठलीही ग्रिप काही करू शकत नाही. टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाता, वजनानुसार ५० च्या आसपास आणून बघा.

तुम्ही कोल्हापूर, आजरा करून आंबोलीने उतरणार असाल तर घाटात सतत ब्रेक दाबून हात भरून येतो. मधे थांबा, बोटं उघडमीट करा. रिमही तापलेली असते, तिलाही बरं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात सामान लादून एक लांब राइड करा, कारण पुढे बॅग लावली की हँडलवरचा भार बदलतो. बार एंडचे बोल्ट पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा, सैल होतात.

सायकलचा बाजूने काढलेला एक फोटो टाका, तुम्ही बसलेले असताना, बोटं ब्रेकवर ठेवून. मनगट दिसलं पाहिजे. ब्रेक डिस्क आहेत की व्ही, हेही लिहा. आणि दुकानदाराला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून थांबवा.