सट्टा, साठा आणि 'अतिरिक्त तरलता'

कारंजा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, "अतिरिक्त तरलतेमुळे सोयाबीनमध्ये सट्टेबाजी वाढली" या वाक्यातील 'तरलता' म्हणजे काय, आणि सट्टेबाजी व साठेबाजी एकच का.

'तरलता' हा भाषांतरकारांच्या टेबलावर जन्मलेला शब्द आहे. आपल्याकडे पैसा खेळतो, अडतो, मुरतो, म्हणून 'खेळता पैसा' म्हटले की अडत्यालाही कळते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो हिस्सा तिच्याकडे ठेवायचा असतो तो, ४ वरून ३ टक्क्यांवर आणि मे महिन्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला, तेव्हा बँकांकडे असा पैसा उदंड झाला. व्याज उतरले की माल धरून बसणे स्वस्त पडते, आणि वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यात, तर किमतीचा अंश अनामत भरून अख्खा सौदा करता येतो. २०२१ मध्ये सोयाबीन चढले त्यामागे कमी पीक आणि महागलेली ढेपही होती, हे मात्र विसरू नये.

आता सट्टा. आपल्याकडे हा शब्द 'सट्टापट्टी'च्या चिठ्ठीपुरता उरला आहे आणि कोशात 'जुगार' हा अर्थ पहिल्या क्रमांकावर देणाऱ्या संपादकांनी त्याला हातभार लावला आहे, याची मला खरोखर चीड येते. प्राकृत 'सट्ट' म्हणजे अदलाबदल; त्याच घरातले आपले 'साटेलोटे', ज्यात एका घरची मुलगी देऊन दुसऱ्या घरची आणतात. जुन्या मराठीतील 'साटीं' म्हणजे 'मोबदल्यात', आणि आपण दिवसातून शंभरदा वापरतो ते 'साठी' त्यातूनच आले, असे माझे ठाम मत आहे. ते 'सार्थ'पासून ओढूनताणून आणणाऱ्यांनी 'पोटासाठी राबतो' हे वाक्य एकदा देवाणघेवाणीच्या अंगाने वाचून पाहावे. सट्टा म्हणजे मुळात करार. गांधीजी १९१७ मध्ये चंपारणला गेले, तेव्हा निळीच्या मळेवाल्यांनी रयतेकडून लिहून घेतलेल्या करारांना तिथे 'सट्टा'च म्हणत असत. तिथे जुगार नव्हता, सक्ती होती.

साठ्याशी या शब्दाचे नाते जोडायला उच्चाराखेरीज मला काही आधार दिसत नाही. साठेबाजाकडे पोती असतात. सट्टेबाजाकडे भावाचा अंदाज असतो आणि पोते त्याने बहुधा पाहिलेलेही नसते. हर्राशीत, म्हणजे लिलावात, मूठभर सोयाबीन उचलून, एक दाणा दाताखाली फोडून, "ओला आहे" म्हणत भाव पाडणारा खरेदीदार या दोघांहून वेगळा. आणि तो भाव न पटल्याने पोती गाडीत भरून घरी नेणाऱ्या शेतकऱ्याला 'साठेबाज' म्हणणे हा तर भाषेचाही अपराध आहे.

या गोंधळाची किंमत आहे. वायद्यांचा भावांवरील परिणाम तपासणाऱ्या अभिजित सेन समितीला २००८ मध्ये वायद्यांमुळेच भाव वाढले असा निर्णायक पुरावा सापडला नव्हता. तरीही २० डिसेंबर २०२१ रोजी बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा चावडीवर "सट्टा बंद झाला" एवढेच ऐकू आले. पुढच्या हंगामाच्या भावाचा अंदाज देणारा फलकही त्याबरोबर गेला, हे कोणी बोलले नाही. 'वायदा' हा अरबीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ वचन. वचन पाळण्याचा हेतू नसताना केवळ भावफरकावर केलेला सौदा तेवढा सट्टा.

तेव्हा ते वाक्य असे लिहावे: बाजारात खेळता पैसा फार झाल्याने सोयाबीनच्या वायद्यांत सट्टा वाढला.