ओंडक्यावरची बुरशी: आधी उलटून बघा

प्रश्न : अंगणात पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर नखाएवढे पांढरे, केसाळ पंखे रांगेने उगवलेत. पावसात टवटवीत, उन्हात चिमलेले. हे काय? (सावंतवाडी)

फोटो वरून काढलाय, तरी हे शायझोफायलम कम्यून असावं. एक पंखा खुडून उलटा करा. बुडापासून कडेपर्यंत पसरलेल्या राखाडी-गुलाबी पट्ट्या दिसतील. आता भिंग लावा. प्रत्येक पट्टी कडेला उभी चिरलेली दिसली की ओळख पक्की. ऊन लागलं की चिरलेल्या दोन्ही बाजू बाहेर वळतात आणि बीजाणूंचा थर झाकून घेतात, सर आली की पुन्हा उघडतात. एखादा वाळका पंखा वाटीभर पाण्यात टाकून ठेवा, काही तासांत तो फुललेला दिसेल. शाळकरी मुलांना दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

दिसायला फळीसारखी असली तरी ही बुरशी छत्रीवाल्या अळंब्यांच्या कुळातली. त्यातही तिच्यात नर-मादी असे दोन गट नाहीत, जोडी जमण्याचे प्रकार २० हजारांच्या वर आहेत! मणिपुरात तिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात. पण ते लोक ती पिढ्यान् पिढ्या ओळखतात. माझ्या ‘असावं’वर विसंबून चूल पेटवू नका.

प्रश्न : ताम्हिणीत कुजक्या फांदीवर तपकिरी-करड्या वलयांचे पंखे मिळाले. मोबाईलवरचं अ‍ॅप ‘टर्की टेल’ सांगतं. बरोबर ना? (पुणे)

अ‍ॅपने पाठ पाहिली, पोट पाहिलंच नाही. तुम्हीही एकच फोटो पाठवलाय, तोही वरून. वलयं पुष्कळ जातींना असतात, त्यामुळे निकाल खालच्या बाजूवर लागतो. खरी टर्की टेल, म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, खालून पांढुरकी असते आणि मिलिमीटरभर जागेत तीन ते पाच छिद्रं मावतात. खालची बाजू साफ गुळगुळीत असेल, तर स्टेरियम. मधाच्या पोळ्यासारखे कप्पे नुसत्या डोळ्यांनी दिसत असतील, तर हेक्सागोनिया.

फसगत होते ती मायक्रोपोरस झँथोपसच्या बाबतीत. सह्याद्रीत ती नेहमी भेटते: चकचकीत वलयांचं पातळ नरसाळं आणि खाली पिवळसर पायाचा देठ. तिची छिद्रं इतकी बारीक की बोट फिरवलं तर गुळगुळीतच वाटते. म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवं. पुढच्या वेळी खालचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, आणि देठ होता की नाही तेही लिहा.

प्रश्न : कुंपणाच्या वाळक्या खांबावर शेंदरी रंगाची बुरशी आलीय. मुलाने हात लावला. विषारी आहे का? (चिपळूण)

हात धुतलात, झालं. वरून-खालून दोन्हीकडे शेंदरी आणि भर उन्हातल्या लाकडावर, म्हणजे बहुधा पिक्नोपोरस सँग्विनियस. जुनी झाली की रंग विटतो. चामड्यासारखी चिवट असते, खाण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : पडक्या लाकडावरची ही पंख्यासारखी बुरशी घरातल्या फर्निचरला किंवा माडांना लागेल का? (गुहागर)

फर्निचर कोरडं असेल तर नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की ही बुरशी तिथे वाढत नाही. गळकं कौल आधी बदला आणि ओले ओंडके भिंतीला टेकवून रचू नका.

माडाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पडक्या लाकडावरचे हे चिमुकले पंखे मेलेल्या लाकडावर जगतात. पण उभ्या माडाच्या बुंध्याशी लालसर-तपकिरी, लाखेचा हात दिल्यासारखी चकाकणारी जाड फळी दिसली आणि आजूबाजूला कोकोसारखी भुकटी पडलेली असली, तर ते गॅनोडर्मा असू शकतं. ते मुळं आणि बुंधा कुजवतं, आणि फळी बाहेर येईपर्यंत आत बरंच कुजलेलं असतं. फळी नुसती खरवडून काढून उपयोग नाही. बुंध्यातून तांबूस डिंकासारखा स्राव येतोय का बघा आणि कृषी अधिकाऱ्याला झाडापाशीच घेऊन या.