पगार निम्मा होतोय, तरी जायचं का?

"मॅडम, म्युनिकची ऑफर आलीय, पण पगार जवळपास निम्म्यावर येतोय. लोक अमेरिकेत जायला धडपडतात आणि मी तिथून निघतोय. चूक तर होत नाही ना?"

सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या जोडप्यांचा हा नेहमीचा प्रश्न. हा सॅन होजेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी लहान. (ओळखीचे तपशील बदललेत.)

त्याची एक्सेल शीट चोख होती: पगार, बोनस, शेअर्स, कर, भाडं. म्युनिकचं भाडं बघून तो खूश होता. तिथे मी त्याला थांबवलं. जर्मनीतल्या जाहिरातीत ठळक दिसतं ते बहुधा 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं जागेचं भाडं. हीटिंग आणि इमारतीचा खर्च त्यावर वेगळा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे उघड्या भिंती आणि नळाचे पाइप; ओटा, कपाटं आपणच बसवायची. त्यात म्युनिक तिथलं सर्वांत महागड्या भाड्यांचं शहर. भाड्यात मोठी बचत होईल, ही आशा सोडा म्हटलं.

मग पत्नीला विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" ती तोवर गप्पच होती. "खर्चाच्या बाजूला," ती म्हणाली.

पुण्यात ती टेस्टिंगमध्ये होती. एच-४वर काम करायला नवऱ्याचं ग्रीन कार्ड एका टप्प्यापर्यंत सरकावं लागतं. त्याच्या कंपनीने ते सुरूच केलं नव्हतं. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा तिथला परवाना) जोडीदाराला नोकरी करता येते. ती मिळेपर्यंत त्याच्या सरकारी आरोग्य विम्यात तिचं आणि मुलीचं नाव वेगळा हप्ता न भरता बसतं. अर्थात जर्मन येत नसेल तर नोकरीला वेळ लागतो, हेही सांगितलं.

त्याची भीती उशिरा बाहेर आली. कंपनीत कपात सुरू झाल्यापासून तो रात्री उठून मेल बघायचा. नोकरी गेली तर एच-१बीवर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. अमेरिकेत भरपगारी रजेची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान 20 दिवस कायद्यानेच मिळतात.

कर्ज फेडून, पुण्यात फ्लॅट घेऊन पाचेक वर्षांत परतायचं असेल, तर मी अमेरिकाच म्हणते. तेवढी शिल्लक म्युनिकमध्ये पडणार नाही. या दोघांना मात्र परतायची घाई नव्हती.

निर्णय अजून झालेला नाही. सुरुवातीच्या महिन्यांचं घर कंपनी देईल का, हे त्याने विचारलंय. तिने जर्मनच्या ए१ या पहिल्या पायरीच्या वर्गाला नाव घातलंय.