मिडटर्मच्या धावपळीत स्वतःची बलस्थानं कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न असा आहे: मिडटर्म चालू आहेत, दिवसभर पुस्तक समोर असतं तरी हाती काही लागत नाही, वर्गात प्रत्येकाला काहीतरी चांगलं जमतं आणि आपल्यात तसं काहीच नाही असं वाटतं. मग आपली बलस्थानं शोधायची कुठे?

याच आठवड्यात शोधा. एरवी स्वतःबद्दलची आपली मतं नुसत्या अंदाजावर चालतात. परीक्षेच्या दिवसांत मात्र रोज पुरावा तयार होत असतो, तो टिपून ठेवायचा.

वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा. काय करायला बसलात, किती वेळ ठरवला होता, प्रत्यक्षात किती लागला, आणि पुस्तक मिटून किती सांगता आलं. प्रत्येक बैठक संपली की लगेच भरा, रात्रीवर ढकललं की आकडे गोड होतात. नोंद अशी दिसेल: ‘थर्मोडायनॅमिक्स, दुसरा नियम. ठरवली ४५ मिनिटं, लागली ८०. व्याख्या आली, आकृती न बघता काढली, गणितात तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं.’

चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण खरं काम तोच करतो. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच आपण ‘येतंय’ समजतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. मिटलेल्या पुस्तकाची नोंद म्हणूनच विश्वासाची.

आठ-दहा नोंदी झाल्या की पान उभं वाचा, एकेक रकाना. ठरवल्यापेक्षा कमी वेळ कुठे लागला? दमल्यावरही कोणतं काम आपण होऊन हातात घेतलं? विषयाच्या नावाशी थांबू नका, कामाचा प्रकार बघा. ‘इतिहास चांगला आहे’ हे फार ढोबळ झालं. घटनांचा क्रम लावणं सोपं गेलं, की कारणं जोडणं, की मोठा धडा अर्ध्या पानात आणणं? बलस्थान त्या पातळीवर सापडतं आणि मग दुसऱ्या विषयातही कामी येतं. ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’, म्हणजे मला बघूनच जास्त समजतं, असं लेबल मात्र लावू नका. प्रत्येकाच्या लर्निंग स्टाइलप्रमाणे, म्हणजे शिकण्याच्या आवडत्या पद्धतीप्रमाणे, शिकवल्याने जास्त समजतं या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असं २००८च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं.

तपासलेले पेपर मिळाले की गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर कारण लिहा: समजलंच नव्हतं, समजलं होतं पण आठवलं नाही, आठवलं पण मांडता आलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ संपला. पाचही दुखणी वेगळी आहेत, औषधंही वेगळी. मांडणीत मार्क गेले असतील तर आणखी चार तास वाचून काही होणार नाही, घड्याळ लावून उत्तरं लिहावी लागतील. बहुतेक जण सगळ्यावर ‘अभ्यास कमी पडला’ एवढाच शिक्का मारतात, आणि त्यात समजुतीची चांगली ताकद झाकली जाते. मला ही सगळ्यात वाईट चूक वाटते. ज्या प्रश्नांत मार्क कापले गेले नाहीत, तेही याच बारकाईने बघा.

जागरणाच्या रात्रीच्या नोंदींवर खूण करून त्या बाजूला ठेवा. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कॉफीचा निम्मा भाग दोन वाजताही अंगात असतो. अपुऱ्या झोपेत लक्ष आणि स्मरण दोन्ही ढासळतात. त्या दिवशी जे जमलं नाही ते तुमचं मोजमाप नव्हे.

ऑनलाइन चाचण्या कराव्यात का? पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेल्या २४ स्वभावगुणांच्या यादीवर आधारलेली प्रश्नावली उपयोगी आहे. जिज्ञासा, चिकाटी, न्यायबुद्धी असे नेमके शब्द तिथे मिळतात. पण उत्तरं आपणच देतो, त्यामुळे मनःस्थितीचा रंग चढतो. वहीशी जुळेल तेवढंच घ्या.

दोन मित्रांनाही विचारा. ‘माझ्यात चांगलं काय आहे?’ असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर येईल. ‘तू माझ्याकडे कशासाठी येतोस?’ असं विचारा. कोणी गणितातली चूक शोधायला येतो, कोणी पेपरच्या आदल्या दिवशी जरा शांत व्हायला. हे दुसरंही बलस्थानच आहे, फक्त ते मार्कशीटवर दिसत नाही.

सापडलेलं बलस्थान पुढच्याच पेपरला कच्च्या जागी वापरून बघा. समजावून सांगणं जमतं पण व्याख्या विसरतात? मग रोज तीन व्याख्या, पुस्तक मिटून, कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगा, आणि चौथ्या रकान्यात फरक पडतो का ते बघा. चार-पाच बैठकांत पडला नाही, तर तुमच्या नोंदींत दिसलेलं दुसरं काही लावून बघा.